चिकनगुनिया नव्हे, चिकुनगुन्या

हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा असता तर एवढं लिहिलं नसतं. पण डासामुळे होणाऱ्या या तापाच्या नावात ‘चिकन’ कानावर पडलं की माणूस कोंबडी खायचं सोडतो आणि पाण्याचं पिंप मात्र उघडंच ठेवतो. एक उकार गळाला आणि काळजी भलतीकडे गेली.

शब्द माकोंदे भाषेतला आहे. आग्नेय टांझानिया आणि उत्तर मोझांबिकमध्ये बोलली जाणारी ही बांटू या आफ्रिकी भाषाकुळातली भाषा. १९५२-५३ मध्ये तेव्हाच्या टांगानिकात (आजच्या टांझानियात), माकोंदे पठारावर या तापाची साथ आली. मॅरियन रॉबिन्सन आणि लम्सडेन या संशोधकांनी १९५५ साली त्या साथीवर लेख लिहिले, आणि लोकांच्या तोंडी असलेलंच नाव वैद्यकात कायम झालं. मूळ क्रियापद ‘कुंगुन्याला’, म्हणजे वाकडं होणं, आक्रसणं. चिकुनगुन्या म्हणजे माणसाला वाकवणारा आजार. मनगटं, घोटे, बोटांची पेरं, बहुधा दोन्ही बाजूंची एकदमच धरतात. ताप आठवड्याभरात उतरतो, सांधे मात्र कधीकधी महिनोन्‌महिने दुखत राहतात. माकोंदे लोकांनी नेमकं तेच टिपलं. इतकं अचूक रोगनिरीक्षण एका शब्दात बसवणाऱ्या या लोकांचं श्रेय आपण कोंबडीला देऊन टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा शब्द स्वाहिली, म्हणजे पूर्व आफ्रिकेत सर्रास बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या बांटू भाषेतला, आहे असंही बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. तेही चूक, आणि पुरावा पहिल्याच अक्षरात आहे. सुरुवातीचा ‘चि’ हा बांटू भाषांमध्ये नामाचा वर्ग दाखवणारा उपसर्ग. स्वाहिलीत त्या जागी ‘कि’ येतो. म्हणून स्वाहिली बोलणारा ‘किस्वाहिली’, ‘किमाकोंदे’ म्हणतो, तर माकोंदे माणूस आपल्या भाषेला ‘चिमाकोंदे’ म्हणतो.

आता आपल्याकडे काय बिघडलं ते बघा. मूळ शब्दातलं शेवटचं व्यंजन म्हणजे आपला ञ. स्पॅनिशमध्ये त्यासाठी वेगळं अक्षरच आहे, म्हणून तिथे अडचण येत नाही. मराठीत ‘न्याय’मधला ‘न्या’ त्याच्या अगदी जवळ जातो. आपण तो फोडून ‘निया’ केला. ‘चिकुन’ला मराठीत काही अर्थ नाही, ‘चिकन’ ओळखीचं, म्हणून कानाने तेच उचललं. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा अर्थ चिकटतो, त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. एरवी ती निरुपद्रवी असते. आजाराच्या नावात ती महाग पडते.

२००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ या नावापायी इजिप्तमध्ये डुकरांची सरसकट कत्तल झाली. ती साथ माणसाकडून माणसाला पसरत होती! २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवीन आजारांच्या नावांसाठी नियम केले : गाव, व्यक्ती, प्राणी, खाद्यपदार्थ यांची नावं नकोत, लक्षणं सांगणारी नावं चालतील. साठ वर्षं जुनं माकोंदे नाव या कसोटीला आधीच उतरलेलं होतं. त्यात प्राणी घुसवला तो आपण. (याच विषाणूचा भाऊबंद ओन्योंग-न्योंग. तोही युगांडातल्या अचोली भाषेतला शब्द, अर्थ ‘सांधे खिळखिळे करणारा’.)

तेव्हा लिहिताना चिकुनगुन्या लिहा. कुणी विचारलं तर ‘वाकवणारा ताप, एडिस डासामुळे होतो’ एवढं सांगा. हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून भांडी दर आठवड्याला रिकामी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नवं पाणी चढलं की त्यातून अळ्या निघतात. त्यामुळे भांडं आतून घासायचं, काठाच्या खालची पट्टी जास्त जोर लावून, आणि मग घट्ट झाकायचं.