हत्ती, बेल आणि लहान गोळी : खुलासा

‘बेल यांनी आफ्रिकेत हजारावर हत्ती ७ मिलिमीटर रायफलने मारले, म्हणजे मोठ्या जनावराला कोणतीही गोळी चालते’ हा मजकूर मीही पुढे पाठवला होता. तो दिशाभूल करणारा आहे. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक, सगळे नव्हे, लहान ७ मिलिमीटर रायफलने मारले हे खरे. मात्र त्यांची गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची, पूर्ण धातुवेष्टित आणि न पसरणारी होती, शिवाय मेंदूची नेमकी जागा कळावी म्हणून त्यांनी हत्तीची कवटी करवतीने कापून पाहिली होती. हरणासाठीची मऊ टोकाची गोळी आत शिरताच पसरते. हत्तीच्या जाड हाडात ती अडकली, तर जखमी जनावर हाल होऊन मरते, आणि हेच मला फार अस्वस्थ करते. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवावा.