प्लेगचं खापर नटांच्या माथी

१५७७ साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलबाहेरच्या प्रवचनात थॉमस व्हाइट या धर्मोपदेशकानं हिशेब मांडला: प्लेगचं कारण पाप, पापाचं कारण नाटकं, म्हणून प्लेगचं कारण नाटकं. पुढं प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ प्रोटेस्टंटांनी, हाच सूर लावून धरला. ‘नट उनाड आणि अधर्मीच होते, विरोध रास्त होता’ असं सांगणारे आजही भेटतात.

आधी प्लेग. ‘द थिएटर’ हे नाट्यगृह बांधलं गेलं १५७६ मध्ये. १५६३ च्या साथीत लंडनमध्ये हजारो माणसं मेली तेव्हा ते नव्हतंच. साथीत गर्दी टाळणं शहाणपणाचंच, पण १५९३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळानं, नाटकांचे आणि खेळतमाशांचे जमाव बंद केले तेव्हा चर्चमधली प्रवचनं आणि प्रार्थना त्यातून वगळल्या. प्लेगला बहुधा श्रद्धेची चाड असावी!

नट उनाड? १५७२ च्या कायद्यानं भटके ठरवले ते उमराव पाठीशी नसलेले फिरते नट. शेक्सपिअरचे सहकारी हेमिंग्ज आणि कॉन्डेल तर आपल्या चर्चचा कारभार पाहायचे. एडवर्ड ॲलन या नटानं नाटकधंद्यात कमावलेल्या पैशातून १६१९ मध्ये डलिचला गरिबांसाठी संस्था काढली.

खरी गंमत पुढच्या आरोपात आहे. मुलगे स्त्रीभूमिका करतात आणि बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२२:५) पुरुषानं स्त्रीवेष घालणं निषिद्ध आहे, हा ऑक्सफर्डच्या जॉन रेनॉल्ड्सचा मुद्दा. त्याचं नाटकविरोधी पुस्तक आलं १५९९ मध्ये. हेच रेनॉल्ड्स महाशय १५६६ मध्ये ऑक्सफर्डला राणी एलिझाबेथसमोर नाटकात हिपोलिटा ही स्त्री झाले होते! पोरवयातली चूक म्हणून ती सोडून देऊ. वचनाचं काय? विद्वान जॉन सेल्डननं १६१६ मध्ये नाटककार बेन जॉन्सनला पत्रानं कळवलं, की ती मनाई मूर्तिपूजकांच्या वेषबदलाच्या विधींना उद्देशून आहे. म्हणजे रंगभूमीशी तिचा संबंध नाही. नाटकांवर तुटून पडलेला स्टीफन गॉसन तर आधी स्वतःच नाटककार होता.

नटांची बाजू मांडणारा थॉमस हेवूड स्वतः नट आणि नाटककार. १६१२ च्या पुस्तकात तो सांगतो, की लिन गावी नाटक पाहताना एका बाईनं नवऱ्याच्या खुनाची कबुली दिली. हा पुरावा मला लंगडा वाटतो. एका गोष्टीवरून नाटक पुण्यकारक ठरवणं व्हाइटच्याच वळणाचं. पण हेवूडचा दुसरा मुद्दा पक्का आहे: बदफैली नटांना बाहेर काढा, चार जणांपायी सगळ्यांना दोष देऊ नका. १६४२ मध्ये पार्लमेंटनं सरसकट सगळीच नाटकं बंद केली.