गाजरे, वैमानिक आणि मागच्या आसनावरचा माणूस

थंडीत बाजारात गाजरांचे ढीग लागले की मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक भरपूर गाजरे खात, म्हणून त्यांना काळोखातही जर्मन विमाने दिसत. रडारचे गुपित झाकण्यासाठी ब्रिटनने ही गोष्ट पसरवली आणि जर्मन फसले. तेव्हा तुम्हीही गाजरे खा, चष्म्याचा नंबर उतरेल, असे त्यात असते. विमाने गाजराने दिसली आणि रडारनेही दिसली, ही दोन्ही विधाने एकाच मजकुरात सुखाने नांदतात.

आधी वैमानिकांबद्दल. या कथेचे नायक जॉन कनिंगहॅम यांनी रात्रीच्या लढायांत 19 विमाने पाडली. पहिले यश नोव्हेंबर 1940 मधले. त्यांच्या ब्यूफायटर विमानात मागे रडारचालक बसे. दोन छोट्या पडद्यांवरच्या हिरवट रेघांवर नजर रोखून तो ‘जरा डावीकडे, थोडे वर, वेग कमी’ असे सांगत राही आणि वैमानिक विमान तसे वळवत जाई. शेवटच्या काही शे फुटांवर शत्रूची काळी आकृती वैमानिकाला स्वतःच्याच डोळ्यांनी ओळखावी लागे, हे खरे. पण तिथवर त्याला नेले ते रडारने. वर्तमानपत्रांनी कनिंगहॅम यांना ‘मांजरडोळ्या’ ठरवले. हे टोपणनाव त्यांना मुळीच आवडत नसे. त्यांचे नेहमीचे रडारचालक जिमी रॉन्सली यांच्या वाट्याला असे कोणतेही बिरूद आले नाही, आणि माझ्या मते गाजराने केलेला खरा अन्याय हाच आहे.

जर्मन फसल्याचा भरवशाचा पुरावा नाही. त्यांच्याकडे स्वतःची उत्तम रडारे होती. 18 डिसेंबर 1939 रोजी विल्हेल्म्सहाफेनकडे निघालेली ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने त्यांनी रडारवरच हेरली होती. उलट, फेब्रुवारी 1942 मध्ये फ्रान्समधील ब्रुनेव्हाल येथे छत्रीधारी सैनिक उतरवून जर्मन रडारचे भाग पळवून आणले ते ब्रिटिशांनीच. गाजराच्या जाहिरातींचा मोठा श्रोतृवर्ग होता ब्रिटिश गृहिणी. जानेवारी 1940 पासून साखर आणि लोणी रेशनवर गेले होते, गाजर मात्र मुबलक आणि गोड होते. त्यामुळे अन्न मंत्रालयाने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचे हसरे गाजरच प्रचाराला उतरवले. रात्री दिवे मालवलेल्या रस्त्यांवर ठेचकाळणाऱ्या लोकांना दृष्टीचे आमिष पटायला वेळ लागला नसावा.

राहिला चष्मा. अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, म्हणून आपल्याकडे बालकांना नवव्या महिन्यापासून त्याचे डोस देतात. गाजरातील कॅरोटीनपासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते; मात्र ते पुरेसे असलेल्या माणसाने आणखी गाजरे खाल्ली तर नजर वाढत नाही, अतिरेक केल्यास तळहात तेवढे पिवळे पडतात. दूरचे न दिसणाऱ्याचा नंबर मुख्यतः डोळ्याच्या आकारामुळे येतो. गाजर हलव्याच्या बाजूने एक मात्र नक्की सांगता येईल, की तुपामुळे कॅरोटीन शरीरात चांगले शोषले जाते.