पंधरावा पर्सेंटाइल

बाळ बघायला येणाऱ्याच्या डोळ्यांत उपजतच तराजू असतो. पाळण्यात डोकवायचं, दुपट्यातून पोटरी चिमटीत धरायची आणि निकाल द्यायचा, "अंगी लागत नाहीये गं हिच्या!" मग उलटतपासणी: दूध पुरतं का, गुटी देता का, जायफळाचे वळसे किती.

पहिल्या आठवड्यात तर लेकीचं वजन चक्क घटलं. नवजात बाळाचं वजन सुरुवातीला 7 ते 10 टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोनेक आठवड्यांत भरून निघतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण डॉक्टर दवाखान्यात असतात, नवऱ्याच्या आत्या घरात. त्यांच्या मुलाने सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस पटकावलंय. प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. तो मुलगा हल्ली भाताकडे नुसता बघतो, शुगरमुळे.

सहाव्या महिन्याच्या वजनाला आत्या सोबत आल्याच. काट्यावर ठेवताच लेकीने सायकल मारायला घेतली. आकडा सहा-एक, सहा-नऊ, सहा-दोन असा नाचतोय, सिस्टर ओरडतायत, "मॅडम, हात काढा, तुमचं वजन येतंय!" शेवटी लेक स्वतःच्या अंगठ्याकडे बघत क्षणभर थांबली. 6.4 किलो. जन्मतः 2.8. डॉक्टरांनी तक्त्यावर ठिपका दिला.

"पंधरावा पर्सेंटाइल. छान."

"शंभरात पंधरा?" आत्या हादरल्या. "अहो, नापास की हो!"

डॉक्टरांना हे नवीन नसावं. शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या तर हिच्याहून हलक्या पंधराएक असतील, एवढाच त्याचा अर्थ. रांगेत त्या जागीही कुणीतरी असणारच. जन्मली तेव्हा ही याच रेषेजवळ होती, आजही आहे. वजन दुपटीच्या वर गेलंय, लांबी आणि डोक्याचा घेर बरोबरीने वाढतोय. ठिपके रेषा सोडून घसरायला लागले, तर मात्र बघावं लागेल.

"पण ही रेषा मारली कुणी?"

जागतिक आरोग्य संघटनेने, 2006 साली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथली आईच्या दुधावरची बाळं मोजून.

"भारतात कुठली?"

"दिल्लीची."

"तरीच!" आत्या माझ्याकडे वळल्या. "लोण्यातुपावरच्या आयांची पोरं ती. आपल्या वरणभाताचा तक्ता वेगळा काढा म्हणावं, मग देते मी मार्क."