ग्रीन सप्लायर व्हायचंय? या, फुकट शिकवतो

गेल्या आठवड्यात आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा पुण्याहून मेल आला, कार्बनची माहिती शुक्रवारपर्यंत भरा नायतर व्हेंडर रेटिंग खाली जाणार. तेव्हा बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेतल्या समस्त फाउंड्रीवाल्या भावांनो, जरा बसून घ्या.

आधी स्कोप पाठ करा, म्हणजे कार्बन कुणाच्या खात्यात धरायचा त्याचे तीन कप्पे. तुमच्या भट्टीतला कोक, जनरेटरचं डिझेल हे तुमचं स्कोप १, हेस्कॉमची वीज स्कोप २, आणि हे सगळं मिळून माल घेणाऱ्याच्या वहीत स्कोप ३. म्हणजे तुम्ही पदरचे पैसे घालून कॉम्प्रेसर बदलला की त्यांच्या रिपोर्टात 'आम्ही घटवलं' म्हणून रंगीत फोटोसकट येणार. टाळ्या वाजवायच्या.

बिलातली युनिटं घ्या, साधारण ०.७ नं गुणा, किलोत कार्बन आला. झालात एक्स्पर्ट.

सोलर बसवा. पैशाचा रकाना फॉर्ममध्ये नाही.

वाहतुकीचा रकाना मात्र जपून भरा. गाडी पूर्ण भरून पाठवता का, असं विचारलंय. पाठवतो की हो, पुण्याचे साहेब! तुमचा स्टोअरवाला रात्री फोन करतो, लाइन थांबणार, आत्ताच्या आत्ता काढा, मग चार क्रेट घेऊन टेम्पो निपाणी, कोल्हापूर, सातारा करत सव्वातीनशे किलोमीटर पळतो, मागं निम्मा रिकामा, गेटवर पोचला की दुपारपर्यंत उभा कारण उतरवायला माणूस नाही, आणि उरलेल्या मालाला दुसऱ्या दिवशी परत दुसरा टेम्पो, कारण स्टॉक तुम्हाला ठेवायचा नाही, तो आम्ही हायवेवर फिरवत ठेवायचा. आणि डिझेल किती जळलं ते परत आम्हालाच विचारायचं!

गिऱ्हाइकाच्या वेबिनारला कॅमेरा चालू ठेवा, हजेरी घेतात.

बास झालं. साहेब, सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण-समाजाच्या जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट, सक्तीचा केलाय, युरोपात २०२६ पासून बाहेरनं येणाऱ्या लोखंड-पोलादावर कार्बनचे पैसे लागू झालेत, हे आम्हाला पण कळतंय. कार्बन कमी करायला आमची ना कधीच नव्हती, वीज वाचली तर फायदा आमचाच आहे. पण दरवर्षी रेट पाडून मागायचा, एमएसएमई कायद्यातले ४५ दिवस उलटून गेले तरी पेमेंट सोडायचं नाही, आणि वर नवीन भट्टी का घेतली नाही म्हणून मार्क कापायचे, ही कसली पर्यावरणाची काळजी? शेड्यूल महिनाभर आधी द्या आणि ते पाळा, गाडी भरून येईल. कास्टिंगला किलोमागं चार पैसे वाढवा, कॉम्प्रेसर बदलू. तेवढं पण जमत नसेल तर निदान आमची थकलेली जुनी बिलं काढा, मग भरतो तुमची एक्सेल.