नफा पक्का असेल तर तो हलाल कसा?

‘आता आपलंही हलाल ॲप आलं. व्याज नाही, म्हणून नुकसान नाही. दरमहा 3 टक्के नफा पक्का. मौलानांचं प्रमाणपत्र आहे. रिझर्व्ह बँकेची इस्लामी बँकिंगला परवानगी आहे. मलेशिया-इंडोनेशियात लोक केवळ ईमानापोटी अशी ॲप वापरतात.’ हा मेसेज गटागटांत फिरतोय. फिरो बापडा म्हणून सोडून दिला असता, पण मिरजेच्या खालाने तो पाठवून खाली विचारलं, ‘एफडी मोडू का?’ म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

सगळ्यात घातक वाक्य आधी. ‘व्याज नाही, म्हणून नुकसान नाही’ हे साफ उलटं आहे. व्याजाला हरकत आहे ती मुळात याचसाठी की, पैसे देणारा कसलीही जोखीम न घेता ठरलेली रक्कम उचलतो. मुदारबा करारात एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफ्याची वाटणी आधी ठरते, समजा 60:40. धंदा बुडाला तर पैसे पैसेवाल्याचे जातात आणि दुसऱ्याची मेहनत वाया जाते. त्याने हलगर्जी केली किंवा करार मोडला तरच त्याच्याकडून भरपाई मागता येते. मुशारकात, म्हणजे सगळ्यांनीच पैसे घातलेल्या भागीदारीत, नुकसान ज्याच्या-त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटलं जातं. म्हणजे लाखाला महिना तीन हजार ‘पक्के’ म्हटलं, की ते व्याजच झालं. मग त्याला मुनाफा म्हणा, नाहीतर बरकत.

आणि आकडा तरी बघा. महिन्याला 3 म्हणजे वर्षाला 36 टक्के, नफा त्यातच ठेवत गेलात तर 42 च्या वर. मंदी असो, सण असो, दर महिन्याला नेमकी तेवढीच कमाई करणारा धंदा कोणता, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. तसा धंदा नसला की नव्याच्या पैशातून जुन्याला ‘नफा’ दिला जातो. नवे यायचे थांबले की आधी हप्ता लांबतो, मग ‘ऑडिट चालू आहे’ असा निरोप येतो, आणि मग ऑफिसला कुलूप. 2019 मध्ये ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्या बंगळुरूच्या आयएमए कंपनीच्या प्रकरणात चाळीस हजारांवर तक्रारी आल्या, चालक दुबईला पळाला होता. तिथेही गुंतवणूकदारांना ‘भागीदार’ करून घेतलं होतं.

हे भागीदारीचं गौडबंगाल नीट समजून घ्या. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या कायद्यात अशा ठेवीसाठी जाहिरात करणं हाही गुन्हा आहे: 1 ते 5 वर्षं कैद आणि 2 ते 10 लाख दंड. पण भागीदाराने फर्ममध्ये घातलेलं भांडवल त्या कायद्यात ठेव धरत नाहीत. म्हणून करारावर तुमचं नाव ‘पार्टनर’ म्हणून येतं. त्यांना तिथेच धरा. तुम्ही भागीदार असाल तर नफा पक्का असू शकत नाही. नफा पक्का असेल तर ती ठेव आहे, आणि मग ती घ्यायचा परवाना दाखवा.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर फतवा कराराच्या मसुद्यावर असतो, हिशोबाच्या वह्यांवर नाही. तुमच्या पैशातून धंदा खरंच केला की नाही, हे मौलाना तपासायला जात नाहीत. सही कोणाची, तारीख कोणती, नेमक्या कोणत्या योजनेवर आणि दरवर्षी शरिया ऑडिट होतं का, एवढं विचारा. आयएमएचा प्रचार करणाऱ्यांत मौलवीही होते. एकाला अटक झाली.

रिझर्व्ह बँकेची परवानगी? थाप. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं ठरल्याचं बँकेनेच 2017 मध्ये माहिती अधिकाराखाली सांगितलं.

‘केवळ ईमानापोटी’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. बँकेचं व्याज आलं तरी त्याला हात न लावणारी माणसं आहेतच. जॉर्डनमध्ये अर्थतज्ज्ञ डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. कर्ज शरियाला धरून असल्याची खात्री दिल्यावर अर्ज करणारे 18 वरून 22 टक्क्यांवर गेले. किंमत 10 टक्के उतरवली असती तर साधारण एवढाच फरक पडला असता. म्हणजे शिक्क्याला किंमत आहे, पण ती मोजता येते. जास्त धार्मिक लोकांपेक्षा कमी धार्मिक लोकांवर दराचा परिणाम दुप्पट झाला. ‘केवळ’ हा शब्द तिथेच गळतो: माणूस दर बघतो, ॲप सोपं आहे का आणि पैसे परत निघतात का, हेही बघतो. फसवणाऱ्याला मात्र ते 4 टक्केसुद्धा पुरतात.

शरियाचे निकष पाळणारे पर्याय हवेच असतील, तर टाटा एथिकल फंड किंवा निफ्टी 50 शरिया बीईएस हा ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) आहे. दुसऱ्याला डिमॅट खातं लागतं. दोन्ही सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमांखाली आहेत, बँका आणि दारूच्या कंपन्या त्यांत नाहीत, आणि दोन्ही पडूही शकतात, तसं कागदावर लिहिलेलंही असतं. बाकी कोणत्याही ॲपचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर स्वतः टाइप करून शोधा, मेसेजमधल्या लिंकवरून नको. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. आधीच भरले असतील तर पावती, करार, चॅट सगळं जपून ठेवा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार टाका, हप्ता चुकायची वाट न बघता.