'म्हाताऱ्यांना नवं काही नकोच असतं' हे खरं नाही

दुसऱ्या शहरात किंवा परदेशात राहणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतो आहे. आशय असा: वय झालं की माणसं तंत्रज्ञानाला घाबरतात. गळ्यात घालायचं आपत्कालीन बटण आणून दिलं तरी हट्टाने खुंटीला टांगतात. तेव्हा विचारत बसू नका, घरात कॅमेरे बसवून टाका. आपली पिढी म्हातारी होईल तेव्हा हा प्रश्न उरणारच नाही.

यातली एकही गोष्ट मला पटत नाही, आणि असल्या सल्ल्याचा जाच एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना होतो, म्हणून लिहिते आहे.

आधी भीतीबद्दल. नातवंडांशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या, भाजीवाल्याला फोनवरून पैसे देणाऱ्या आज्या आपल्या अवतीभवती आहेत. पेन्शनरांचा हयातीचा दाखला घ्या. 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' ही बोटाच्या ठशावरून ऑनलाइन दाखला देणारी सरकारी सोय आली आणि दाखल्यासाठी बँकेत जाण्याची खेप वाचू लागली. अडचण आली ती ठशांची. वयानुसार बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. म्हणजे बदलावं लागलं ते यंत्राला. इतर उपकरणांचंही तसंच आहे. उतारवयात आधी उंच पट्टीतले बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि उपकरणाची इशाऱ्याची शिटी अनेकदा नेमकी त्याच पट्टीत वाजते. कोरड्या बोटाचा स्पर्श काचेच्या पडद्याला नीट कळत नाही. मग आपण म्हणतो, बाबांना जमत नाही.

बटणाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या 110 जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पडल्यावर उठता न आलेल्यांपैकी अनेकजण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. मदत मागण्याची यंत्रणा बऱ्याच घरांत होती, तरी अशा वेळी ती बहुधा वापरली गेली नाही. कुणाला तिचा उपयोगच वाटत नव्हता, कुणाला बटण अंगावर बाळगायची सवय लागली नव्हती, कुणी दाबायचं नाही असं ठरवलं, तर कुणी दाबायचा प्रयत्न करूनही जमलं नाही. या सगळ्याला 'हट्ट' हे एकच नाव कसं द्यायचं? आपल्याकडे आणखी एक साधी गोष्ट असते: बटण दाबल्यावर येणार कोण? फोन मुलाला सॅन होजेला जाणार आणि तो तिथून शेजारच्या काकूंना उठवणार. असं असेल तर आई म्हणणारच, कशाला सगळ्यांना त्रास. शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवलं, किल्ली त्यांच्याकडे दिली, तर त्याच बटणाला अर्थ येतो.

नेदरलँड्समधले संशोधक सेबास्टियान पीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये, वृद्धांनी घरात वापरायच्या अशा उपकरणांबद्दलच्या 16 शोधनिबंधांचा आढावा घेतला. उपकरण घ्यायचं की नाही हे ठरवणारे 27 घटक त्यांना सापडले. खर्च, खासगीपणा, गरज वाटते का, घरचं माणूस मदतीला आहे का, असे.

खासगीपणावरून कॅमेऱ्याकडे येते, कारण संदेशातला सर्वात वाईट सल्ला तोच आहे. आई हॉलमध्ये पातळ सैल करून, पाय पसरून बसते. तिची मैत्रीण सुनेबद्दल मन मोकळं करायला येते. हे सगळं मुलाच्या फोनवर दिसणार असेल, तर ते घर तिचं राहत नाही. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकणारी आई पूर्ण शहाणी आहे. काळजीच असेल तर चित्र न टिपणारे पर्याय आहेत: दार उघडल्याची नोंद घेणारा सेन्सर, पाय खाली टाकताच लागणारा रात्रीचा दिवा. आणि संडास-बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा, ज्याला चार्जिंग लागत नाही. यातलं काय हवं, कुणाला काय कळवायचं आणि कधी बंद ठेवायचं, हे तिलाच विचारायला हवं.

राहिली पुढची पिढी. मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, हाताचा कंप हे काही पिढी बघून येत नाहीत. आज चाळिशीत असलेल्यांच्या हाती ऐंशीव्या वर्षी आजचा फोन नसेल, तेव्हाचं काहीतरी नवं असेल. आणि त्यांनाही न विचारता कुणी छताला काही बसवलं, तर तेही ते झाकूनच ठेवतील.